वीस वर्षांचा सारखा पाऊस

"काका, समदे शून्यच येऊन राह्यले," बेबीनंदा म्हणाली आणि भुजंगरावांचा चहा बशीत सांडला.

भुजंगराव अंबडच्या एका कचेरीतले पावसाचे कारकून. एका गावाची सरासरी काढायला त्यांचे चार दिवस जात. २००१ साली कचेरीत संगणक आला, तो चालवणाऱ्या बेबीनंदानं त्यात मागच्या वीस वर्षांच्या नोंदी भरल्या आणि कळ दाबली, तर चहा निवायच्या आत सगळ्या गावांची सरासरी आणि दर वर्षाचा फरक पडद्यावर हजर. फक्त वडीगोद्रीपलीकडच्या एका गावापुढे वीसही वर्षं शून्य फरक. म्हणजे दरसाल सरासरीइतका पाऊस, थेंबभर कमी नाही की जास्त नाही. सरासरीइतका पाऊस पडणाऱ्या गावाला टँकर मिळत नसतो. तिथल्या विहिरींनी तर फेब्रुवारीतच तळ गाठला होता आणि साहेबांना तक्ता उद्या चारपर्यंत हवा होता.

"मशीन बिघडलं तुझं."

"न्हाई काका. हे बघा, वीसही साल चौदा जुलैला बराबर बावीस मिलिमीटर."

भुजंगराव असे तापले की चहा तसाच टाकून त्यांनी एसटी गाठली. गावात पाऊस मोजायला नेमलेल्या पुंजारामला आज घरी बसवायचंच, असं त्यांनी वाटेत दोनदा ठरवलं.

पुंजारामनं उठून बाज टाकली. "या साहेब. लई वर्सांनी आले."

"पर्जन्यमापक दाखव आधी."

"ते अजून आलंच न्हाई की."

भुजंगराव बाजेवर बसलेच. "मंग वीस साल मोजतो कशानं?"

पुंजारामनं आतून फडक्यात बांधलेला कागद आणला. "ह्याच्यावरून उतरवतो. मापक येईस्तोवर ह्याच्यावरूनच लिहीत जा, म्हणून तुम्हीच भरून दिल्ता. आमच्या साळूबाईनं पुरणपोळ्या केल्त्या. तुम्ही जेवता जेवता सालभराचा पाऊस लिव्हला."

अक्षर भुजंगरावांचं होतं. चौदा जुलैच्या बावीसवर तुपाचा डागसुद्धा होता. त्यांच्या तोंडाला कोरड पडली आणि पुंजारामनं अर्धाच तांब्या पाणी आणून दिलं. घरात तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळ्यांसकट सगळं बेबीनंदाला सांगितलं आणि तक्त्याला चिठ्ठी जोडली. 'सदर गावी वीस वर्षांत पाऊस मोजलेला नाही. नोंदी मी मनाने भरून दिल्या होत्या.' गुरुवारी गावात टँकर गेला आणि भुजंगराव निलंबनाची वाट पाहू लागले.

नवव्या दिवशी लखोटा आला. फोडायचा धीर होईना, म्हणून बेबीनंदानंच वाचला. 'गावास पर्जन्यमापक मंजूर. पोचण्यास अवधी लागेल. तोवर नमुना तक्ता भरून द्यावा. पूर्वानुभव लक्षात घेता आपलीच नेमणूक करण्यात येत आहे.'

"काका," बेबीनंदानं हळूच विचारलं, "साळूबाईला निरोप धाडू का?"