ठकूबाईच्या देवाचं फूल

एका जंगलात साळिंदराचं एक जोडपं होतं. कुठलं जंगल ते विचारू नका, पोरांनो. गोष्ट ऐकायची तर गप बसून ऐका.

नवरा हैबती, बायको ठकूबाई. बिळापुढं एवढंसं अंगण. ठकूबाईची इच्छा एकच. आपल्या अंगणातलं फूल आपल्या देवाला वाहायचं.

"सोनचाफ्याचं झाड लावू," हैबती म्हणाला.

"त्याला फूल येईस्तोवर देव काय ताटकळत बसणार? झेंडू लावा. शेवंती लावा."

बायकोपुढं कुणाचं चालतं? झेंडू लागला, शेवंती लागली. फुलं आली. सकाळी ठकूबाई बघते तर नुसती पानं! कुंपणाशी शेजारची वानरीण, यमुनाकाकू, भरली पिशवी घेऊन उभी.

"अहो काकू, माझी फुलं!"

"देवालाच नेते हो. पुण्य तुम्हालाच!"

देवाचं नाव काढल्यावर भांडायचं कसं? वर दुपारी काकूनं त्यातलंच एक सुकलेलं फूल आणून दिलं. "घ्या, देवावरचं आहे. डोक्याला लावा."

रोज हेच. ठकूबाईचा देव बोडकाच.

"तरी सांगत होतो," हैबती म्हणाला. "फूल उंचावर पाहिजे. कुणाचा हात पोचता कामा नये."

झेंडू उपटला, सोनचाफा लावला. चार वर्षं पाणी घातलं. एका सकाळी शेंड्याला फुलं आली. काय तो वास! ठकूबाई तबक घेऊन धावली. झाडाखाली उभी राहिली. हैबतीही उभा राहिला. तेव्हा कुठं त्या शहाण्याच्या ध्यानात आलं, की साळिंदराला झाडावर चढता येत नाही.

वानरिणीला येतं.

"हैबतराव, झाड लावलंत ते फार बरं केलंत," शेंड्यावरून यमुनाकाकू म्हणाली. "झेंडू तोडताना वाकून वाकून कंबर धरायची हो माझी."

दुसऱ्या दिवशी ठकूबाई तांबडं फुटायच्या आत उठली. पिशवी घेतली, सशाच्या अंगणात शिरली आणि जास्वंद ओरबाडली. ससा डोळे चोळत बाहेर आला.

"अहो ठकूबाई! हे काय?"

"देवालाच नेते हो. पुण्य तुम्हालाच!"

त्या दिवशी तिचा देव फुलांनी असा झाकला, की त्याचं नाकसुद्धा दिसेना.

तात्पर्य : अंगणात झाड लावावं की फुलझाडं, यावरून घरात भांडू नये. शेजाऱ्यानं काय लावलंय ते बघावं, लवकर उठावं आणि पिशवी मोठी घ्यावी.