आजऱ्याच्या रस्त्यातलं एक वळण

डॉक्टरांनी फिटचं निदान कागदावर लिहून दिल्यावर माणसाने आजवर चालवलेले सगळे रस्ते पंधरा दिवसांच्या आत गुंडाळून परिवहन कार्यालयात जमा करायचे असतात. सिद्धाप्पा कोरींना हा नियम ठाऊक नव्हता, कारण याआधी त्यांना कधी फिट आली नव्हती. नोटीस आली तेव्हा त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि माळ्यावरून सुतळीचा गुंडा काढला.

गडहिंग्लजच्या आसपासची शिलाई मशिनं तेवीस वर्षं सिद्धाप्पांच्या हाताखालून गेली होती. सोमवारी नेसरी, मंगळवारी चंदगड, बुधवारी आजरा आणि तिथून पुढे गवसे, असा त्यांचा फेरा ठरलेला. जुनी पांढरी व्हॅन, मागे तेलाचे डबे, पट्टे आणि सुयांची पाकिटं. हॉर्न वाजला की गावातल्या बायका मशिनीवरचं कापड उतरवून ठेवत. व्हॅन गेली म्हणजे सिद्धाप्पांचं सगळंच गेलं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रस्ते गोळा करायला आठ दिवस लागले. रस्ता तसा जागचा हलत नाही, बाकीच्यांसाठी तिथेच राहतो. आपल्या वाट्याचा असेल तेवढाच निघतो. सिद्धाप्पा एसटीने टोकापर्यंत जात आणि रस्ता गुंडाळत चालत परत येत. नेसरीचा रस्ता वापरून वापरून मऊ झाला होता, तो लगेच गुंडाळला गेला. चंदगडच्या रस्त्याने मात्र खड्ड्यांपायी कंबर मोडली. गुंडाळलेला रस्ता डोक्यातूनही जातो. सगळे रस्ते गुंडाळून झाल्यावर एसटीने परत येणाऱ्या सिद्धाप्पांना कंडक्टरने हलवून सांगितलं, की उतरा, तुमचंच गाव आलंय. त्यांना फार वाईट वाटलं. आपण लुबाडले गेलो हे कळत होतं, पण तक्रार कुणाविरुद्ध करायची ते कळत नव्हतं.

एवढे रस्ते घेऊन जायला दुसऱ्याचा टेम्पो सांगावा लागला.

कार्यालयात काळसेकर नावाचे लिपिक होते. त्यांनी एकेक रस्ता फरशीवर उलगडला, नोंदवहीशी ताडून पाहिला आणि तीन तासांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कोरी, एक वळण कमी भरतंय. आजऱ्याच्या पुढे, गवश्याच्या अलीकडचं. डावं."

"सगळं आणलंय साहेब."

"सगळेच सगळं आणतात. परवा एका गृहस्थांनी सासुरवाडीचा रस्ता कमरेला बांधून ठेवला होता. खाली बसता येईना म्हणून सापडला."

"आणि वळण न्हाई मिळालं तर?"

"तर पोचपावती नाही. दोन वर्षं फिट न येता गेली की रस्ते परत मिळतात, पण ती दोन वर्षं पोचपावतीच्या तारखेपासून मोजायची."

"आणि तवर मी गोळ्या खातोय, त्याचं काय?"

"खात राहा," काळसेकर म्हणाले. "गोळ्यांना आमची हरकत नाही."

घरी येऊन सिद्धाप्पांनी पलंगाखाली पाहिलं, माळा उपसला, व्हॅनच्या सीटा काढून बघितल्या. गोळ्यांनी आधीच अंग जड झालेलं. शेवटी ते उंबऱ्यावर बसले. त्यांच्या पत्नी रत्नव्वा तांदूळ निवडत होत्या.

"काय हुडकताय मघापासनं?"

"वळण. गवश्याच्या अलीकडचं."

रत्नव्वांचा सुपातला हात थांबला. "ते तुमच्याकडं कुठनं असंल?" त्या म्हणाल्या. "ते माझ्याकडं हाय."

फिट आली त्या बुधवारी रत्नव्वाही व्हॅनमध्ये होत्या. गवश्याला त्यांच्या बहिणीकडे बारसं होतं. आजरा सुटल्यावर सिद्धाप्पा त्यांना म्हणाले होते, "चहा गवश्यात घेऊ." त्यानंतर त्यांनी ऐकलेलं पुढचं वाक्य एका अनोळखी माणसाचं होतं: "चप्पल नाकाच्या आणखी जवळ धरा." या दोन वाक्यांच्या मध्ये सिद्धाप्पांकडे काहीच नव्हतं. रस्ता शेवटच्या फेरीचा धरतात आणि त्या फेरीला ते वळण त्यांनी घेतलंच नव्हतं, मग त्यांच्या रस्त्यात ते सापडणार कसं?

रत्नव्वांनी पत्र्याची ट्रंक उघडली, लग्नाचा शालू बाजूला केला आणि तळातून ते वळण ओढून काढलं. बाकीच्या रस्त्यांसारखं ते नीट गुंडाळलेलं नव्हतं, चुरगाळून कोंबलेलं होतं. दोन्ही कडांवर बोटांचे खोल ठसे होते.

दोघांनी ते उलगडायला घेतलं. बाहेरच्या दारापासून सुरू केलं, ते माजघरातून स्वयंपाकघरात गेलं, तिथून परसात, परसाच्या भिंतीला लागून पुन्हा घरात आलं. तरी रत्नव्वांच्या हातात निम्मं शिल्लक होतं.

"एवढं लांब हुतं?" सिद्धाप्पांनी विचारलं.

"मला ह्याच्याहून लांब वाटलेलं."

मग त्या तांदळाकडे बघत बोलू लागल्या. "तुमचं डोळं पांढरं झाल्तं. हात वाकडं, पाय रेसवर दाबलेला, तो निघंना. समोरनं उसाचा ट्रॅक्टर. मी आपलं बाजूनं चाक धरलं दोन्ही हातांनी. रानात गेल्यावर गाडी आपोआप बंद पडली."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही नव्हता तिथं. तुम्हाला काय सांगायचं?"

महिनाभर सिद्धाप्पा स्वतःचीच कीव करत होते. ही बाई रोज दुपारी ट्रंक उघडून काय बघत बसते, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. ते पुढे झाले आणि रत्नव्वांबरोबर वळणाची घडी घालू लागले.

दुसऱ्या दिवशी काळसेकरांनी ते वळण खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे तुमचं नव्हे कोरी. ठसे बाईंचे आहेत. बाई, लायसन?"

"न्हाई."

"निदान सायकल?"

"न्हाई."

काळसेकरांनी नियमांचं पुस्तक काढून बराच वेळ वाचलं. "विनापरवाना घेतलेलं वळण आम्हाला ठेवून घेता येत नाही. फेकूनही देता येत नाही, कारण त्यावरून गाडी गेलेली आहे. बाईंनी लायसन काढून ते स्वतःच्या नावावर चढवायचं. म्हणजे यांचा हिशोब पुरा आणि पोचपावती तयार."

"मला नको हाय ते साहेब," रत्नव्वा म्हणाल्या. "दुपारचं झोपू देत न्हाई. तुम्हीच ठेवा."

"तुम्हाला फिट येते?"

"न्हाई."

"मग ठेवता येत नाही. नको झालं म्हणून कुणाचा रस्ता जमा होत नसतो, बाई." हे त्यांनी जरा हळू सांगितलं आणि शिक्का उघडाच ठेवून डबा खायला गेले.

रत्नव्वा व्हॅन शिकल्या त्या आठवडी बाजाराच्या मैदानात, बाजार नसेल त्या दिवशी. सिद्धाप्पा डावीकडे बसून सांगत, "मशीनचा पाय मारतीस तसा हळू सोड." नसलेला ब्रेक त्यांनी इतक्या वेळा दाबला, की पायाखालची चटई फाटली. रत्नव्वा शिकाऊ परीक्षेत पास झाल्या, पक्क्या परीक्षेत दोनदा नापास. दोन्ही वेळा सरळ रस्त्यावर ठीक होतं. डावं वळण आलं की त्या गाडी उभी करत आणि स्टिअरिंगवरचे हात काढायला त्यांना वेळ लागे. तिसऱ्या वेळी परीक्षकांनी दुसरीकडे बघत थोडं थांबून त्यांना पास केलं. वळण रत्नव्वांच्या नावावर चढलं. सिद्धाप्पांना पोचपावती मिळाली. ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली आणि संध्याकाळची गोळी घेतली.

पुढच्या बुधवारी व्हॅन आजऱ्याला निघाली. रत्नव्वा उजवीकडे, सिद्धाप्पा डावीकडे, मांडीवर अवजारांची पेटी. तेवीस वर्षांच्या रस्त्यावर त्यांना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून रत्नव्वा सांगत होत्या, "आता उजवं हाय. आता पूल." ते परक्यासारखे मान हलवत होते.

आजरा सुटल्यावर रत्नव्वांचं बोलणं बंद झालं. व्हॅन हळू झाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. सिद्धाप्पांनी पेटी घट्ट धरली आणि डोळे उघडे ठेवले. रस्ता डावीकडे वळला. कडेला एक फणस होता, पाण्याची टाकी होती, साड्यांची जाहिरात रंगवलेली भिंत होती. तेवीस वर्षं ते इथून जात होते, पण सगळं पहिल्यांदाच बघत होते. मग रस्ता सरळ झाला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

रत्नव्वांनी गिअर बदलला, आरशात एकदा मागे बघितलं.

"चहा गवश्यात घेऊ," त्या म्हणाल्या.