म्हसोबाला गहू चालत नाही

तव्याच्या मुठीला लाल नेलपॉलिश लावलेले आहे.

वारज्यात एका बारा मजली इमारतीच्या तळघरात, खांबाशेजारच्या जागेत कोणी गाडी लावत नाही. तिथे शेंदूर फासलेला एक दगड आहे आणि त्याच्या डोक्यावर 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' अशी पाटी.

हिंगाच्या डबीच्या पाठीमागे, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत, आत काय काय आहे ते लिहिलेले असते. पहिले नाव हिंगाचे नसते.

नलूताईंच्या पर्समध्ये पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असते. ती संपायच्या आत दुसरी येते.

'थोडंसं' या मापाचा चमचा अजून कोणत्याही दुकानात मिळत नाही.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे. तो पुष्करच्या लग्नात लागला.

पुष्कर हा मंदाकिनीबाईंचा एकुलता एक मुलगा, आणि मंदाकिनीबाईंना सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू चालत नाही. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत. कण जरी पोटात गेला तरी आतड्याला इजा होते, बाई चार दिवस आडव्या होतात आणि रक्त पुन्हा खाली जाते. या खेपेला डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितले होते, "रक्त आणखी उतरलं, तर मुलाच्या लग्नात तुम्ही हॉलमध्ये नसाल, आमच्याकडे असाल." मंदाकिनीबाईंची इच्छा एवढीच होती की पुष्करचे लग्न आपण आपल्या पायांवर उभे राहून लावावे. पण लग्नाच्या आधी केळवणे असतात. केळवण म्हणजे नातेवाइकांनी प्रेमाने घातलेला घेराव.

पहिले केळवण नलूताईंकडे, नारायण पेठेत. नलूताई म्हणजे मंदाकिनीबाईंची सख्खी थोरली बहीण. ताटात पुरणपोळी होती.

"ताई, मला नको. तुला सांगितलंय ना."

"अगं, हा सिहोरचा गहू आहे."

"सिहोरचा असला तरी गहूच ना?"

"डॉक्टर म्हणतात तो बाजारातला. हा मी स्वतः निवडलाय. थोडंसं घे. वर तूप घालते, म्हणजे बाधणार नाही."

"नलूताई, तिला खरंच त्रास होतो," गोपाळकृष्ण म्हणाले. हे मंदाकिनीबाईंचे यजमान. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. नलूताईंवर होता, तोही भीतीच्या स्वरूपात.

"त्रास मला नाही का?" नलूताईंनी पर्समधून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. "जन्माचं पित्त आहे मला. अंगात रक्त नाही, पायांत ताकद नाही. म्हणून काय मी पोळी सोडली?"

होणारी सून स्पृहा मदतीला आली. "मावशी, ग्लुटेन-फ्री खूप चांगलं असतं. मीपण केलं होतं तीन आठवडे. स्किनसाठी."

"बघ," नलूताई म्हणाल्या, "तीन आठवड्यांत संपतं ते."

सुनेच्या माहेरची मंडळी समोर बसलेली. मंदाकिनीबाईंनी एक घास घेतला. पुढचे चार दिवस त्यांनी छताकडे बघून काढले.

पाचव्या दिवशी वारज्याहून प्रेमलाताई भाकरी घेऊन आल्या. दोघींचे दुखणे एकच, आणि ओळख डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावरची. दोघींनी एकाच वेळी आपापले डबे उघडले होते, दोघींच्या डब्यांत भाकरी निघाली होती, आणि दोघींनी एकमेकींच्या भाकरीकडे संशयाने बघितले होते. तेव्हापासून मैत्री. प्रेमलाताईंच्या घरच्या शेतावर मुलाने इमारत उभी केली आणि शेतातला म्हसोबा तिच्या तळघरात राहिला. पण दुखण्याला दुखणे म्हणायची त्यांच्याकडेही पद्धत नव्हती.

"तुमी आजार सांगता, मंदाताई, हितंच चुकतंय. आजार म्हनलं की लोक उपाय सांगत्यात. नवसाला कुनी उपाय सांगतंय का?"

"म्हणजे खोटं बोलू? देवाच्या नावानं?"

"खोटं कशापायी? आमच्या म्हसोबाला नारळ फोडा, गहू सोडते म्हना. झाला की नवस. तुमाला तसाबी खायाचा न्हाय. मी धा वर्सं ह्येच सांगती. डाक्टरला कोन भीत न्हाय वं. म्हसोबाला समदे भित्यात."

मंदाकिनीबाईंनी रिक्षा करून वारजे गाठले आणि तळघरातल्या दगडापुढे नारळ फोडला. वॉचमनने खोबरे घेतले.

दुसरे केळवण चुलतभाऊ अवधूतकडे. पोळ्यांचा डबा फिरत फिरत समोर आला तेव्हा मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या, "मला गहू वर्ज्य आहे. नवस आहे."

चमचे थांबले. नलूताईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"कुठल्या देवाचा?"

"म्हसोबाचा. वारज्याच्या."

"आपल्यात म्हसोबा कधीपासून?"

"कडक आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

तेवढे पुरले. पुण्यात दयाळू देव बरेच आहेत. ते चालवून घेतात. अवधूतची बायको उठली, कणकेचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले आणि विचारले, "वन्सं, माझ्या तव्यावरचं थालीपीठ तरी चालेल का? की नवीन तवा आणू?" अवधूत चप्पल घालून निघालासुद्धा. ज्या घरात दोन वर्षे 'एवढ्या तेवढ्याने काही होत नाही' असे ऐकले, त्या घरात मंदाकिनीबाई कोऱ्या तव्यावरचे तांदळाचे थालीपीठ जेवल्या.

"कधीपर्यंत आहे नवस?" नलूताईंनी विचारले.

मंदाकिनीबाईंनी बँकेत सगळी नोकरी मुदतठेवींच्या टेबलावर काढली होती. ज्याला शेवटची तारीख नाही अशी गोष्ट त्यांच्या तोंडून निघूच शकत नव्हती.

"लग्न निर्विघ्न पार पडेपर्यंत," त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याने पुढचे सगळे झाले.

नलूताईंना ऐकीव देव चालत नसे. पुढच्याच गुरुवारी त्या स्वतः वारज्याला पोचल्या. सोबत मंदाकिनीबाई आणि पिशव्या धरायला गोपाळकृष्ण. प्रेमलाताईंनी तळघरातला दिवा लावला.

"याला बोकड लागतो ना हो?" नलूताईंनी पदर नाकाशी धरून विचारले.

"आधी लागायचा. सोसायटी झाल्यापासनं नारळ."

"बरं. आणि नियम काय? तवा?"

"येगळा."

"लाटणं-पोळपाट?"

"त्येबी येगळं. लाकडात पीठ ऱ्हातंय."

"तळणीचं तेल?"

"ज्यात पुरी तळली त्यात पापडबी तळायचा न्हाय."

"हिंग?"

"डबीतला न्हाय. त्यात पीठ आसतंय. खडा घ्यायचा, पारखून."

नलूताई भारावून गेल्या. "याला म्हणतात सोवळं. आमच्या सासूबाईंनासुद्धा हे हिंगाचं माहीत नव्हतं. केवढा बारीक देव आहे."

हेच सगळे नियम डॉक्टरांनी छापील कागदावर दिले होते. तो कागद मंदाकिनीबाईंच्या फ्रिजवर चुंबकाखाली दोन वर्षे होता. नलूताईंनी मधे एकदा त्याच्या पाठीवर वाटल्या डाळीची कृती उतरवून घेतली होती. गोपाळकृष्ण हे बोलणार होते. मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

परतताना रिक्षात नलूताईंनी जाहीर केले, "मंदे, तू एकटीनं का करायचं? मीही धरते. पुष्कर मला काही परका नाही."

आणि नलूताई कधी कुठली गोष्ट अर्धवट धरत नसत. त्यांच्या घरातून गहू, रवा, मैदा, बिस्किटे सगळे कामवालीकडे गेले. अवधूतच्या बायकोने रोज दुपारी एक वेळ धरला. नलूताईंच्या इमारतीतल्या दोन बायकांनी मुलींची लग्ने जमावीत म्हणून धरला. नवसाचा तवा ओळखू यावा म्हणून नेलपॉलिशचा लाल ठिपका चार घरांतल्या तव्यांच्या मुठींवर उमटला. लग्नाच्या दिवशी नलूताई सकाळपासून केटररच्या कढईपाशी खुर्ची टाकून बसल्या. हाच केटरर महिन्यापूर्वी मंदाकिनीबाईंना म्हणाला होता, "बाई, हल्ली सगळ्यांनाच कसली ना कसली अ‍ॅलर्जी असते." तो आता नलूताईंना विचारत होता, "देवाच्या पानाचा झारा कुठे ठेवू?"

पुष्करवर अक्षता पडल्या तेव्हा मंदाकिनीबाई उभ्या होत्या. आपल्या पायांवर.

पंगतीत प्रेमलाताई त्यांच्या शेजारी बसल्या. "मंदाताई, धा वर्सांत पयल्यांदा लग्नात डबा उघडला न्हाय बगा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भात मागून घेतला. मंदाकिनीबाईंनी प्रेमलाताईंच्या पानात आपली मठ्ठ्याची वाटी सरकवली.

लग्न निर्विघ्न पार पडले. म्हणजे मुदत संपली.

तिसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. सत्यनारायणाचा प्रसाद शिऱ्याचा असतो. शिरा रव्याचा असतो. रवा गव्हाचा असतो. ही गोष्ट मंदाकिनीबाईंना चौरंगाला केळीचे खांब बांधताना लक्षात आली.

"प्रसाद मीच केलाय," नलूताई पातेले घेऊन आल्या. "साजूक तुपात. पोळीवर नाही, प्रसादावर सोडायचा नवस. मंदे, आपण दोघी."

मंदाकिनीबाईंनी प्रेमलाताईंना गॅलरीत गाठले.

"मुदत कशापायी सांगितली?" प्रेमलाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "म्या कुनाला सांगितली का कधी?"

"सवय हो. आता काय करू? खाल्लं तर आडवी होते. नाही खाल्लं तर व्याह्यांसमोर प्रसाद नाकारला असं होतं. खरं सांगितलं तर ताईला तळघरात कशाला नेलं होतं ते सांगावं लागतं."

"पदरात घ्या, गपचूप."

"ताई बघणार. ती बघायलाच बसलीय."

गुरुजींनी शेवटचा अध्याय वाचला. प्रसाद टाकून गेलेल्यांचे काय काय बुडते, हे सांगताना त्यांनी आवाज लावला. आरती झाली. नलूताई वयाने थोरल्या, म्हणून पहिला द्रोण त्यांच्या हातात. त्यांनी डोळे मिटून तो संपवला, बोटे चाटली आणि आणखी थोडंसं घेतले.

"घे गं, मंदे."

"यजमानीण शेवटी जेवते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आधी सगळ्यांची पानं होऊ देत."

हे नाकारता येण्यासारखे नव्हते. "बरं. द्रोण देवापाशी झाकून ठेवलाय. पळून जाणार नाही."

मंदाकिनीबाईंनी त्या दिवशी जसे वाढले तसे पुणे शहरात कोणी कधी वाढले नसेल. भात पुन्हा विचारला. चटणी पुन्हा विचारली. व्याही पोट धरून नको म्हणत असताना त्यांना मसालेभाताची आग्रहाने चौथी मूद वाढली. पहिली पंगत उठली. दुसरी बसली. तीही उठायला आली. आता विचारायला कोणी उरले नव्हते. स्पृहा झाकलेला द्रोण घेऊन समोर आली.

"आई, तुमचा प्रसाद."

आतल्या खोलीतून बाथरूमचे दार आपटल्याचा आवाज आला. मग दुसरे आवाज आले. मग अवधूतची बायको धावत बाहेर आली. "वन्सं, नलूताईंना उलट्या होतायत. उभं राहवत नाहीये त्यांना."

मंदाकिनीबाई द्रोण हातात घेऊनच आत गेल्या. नलूताई पलंगावर आडव्या, कपाळाला घाम, ओठ पांढरे. मंदाकिनीबाईंना ते सगळे ओळखीचे होते. त्यांनी थोरल्या बहिणीचा हात हातात घेतला.

"मंदे," नलूताईंनी डोळे उघडले आणि द्रोणाकडे बघितले. "खाल्लंस?"

"अजून नाही."

"खाऊ नकोस. कणभरसुद्धा नको. टाक तो खाली."

"प्रसाद आहे, ताई."

"असू दे. म्हसोबा कोपलाय. त्याला नवस सोडलेला मान्यच नाही." त्या धापा टाकत उठून बसल्या. "तुला सांगते, हे सगळं धरल्यापासून मला एक गोळी लागली नाही. जिना चढून जाते मी. नख तुटायचं थांबलं. जन्माचं पित्त गेलं गं. आणि आज एक द्रोण खाल्ला तर ही दशा. याचा अर्थ काय?"

दारात प्रेमलाताई उभ्या होत्या. दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे बघितले. प्रेमलाताईंनी नजरेनेच सांगितले: आता सांगा.

"ताई, ऐक," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी नवस नंतर केला. आधी आजार होता. मला आहे तोच तुला असणार. आपण सख्ख्या बहिणी आहोत. उद्या माझ्याबरोबर चल, रक्त तपासू. साधी तपासणी असते. म्हसोबाचा काही संबंध नाही यात."

नलूताईंनी हात सोडवून घेतला.

"आजार तुला. मला अनुभव आलाय." त्या पुन्हा उशीवर टेकल्या. "तुझी श्रद्धा कमी पडते, मंदे. म्हणून तर मुदत घातलीस. मुदतबिदत काही नाही. आजपासून हा नवस तहहयात. तुझा, माझा, दोघींचा. अवधूतच्या बायकोला सांग, तवा फेकू नको म्हणावं."

"येत्या गुरवारी यावा मग नारळ घिऊन," प्रेमलाताई दारातून म्हणाल्या.

द्रोणाचा प्रश्न उरला होता. देव न मानणाऱ्या गोपाळकृष्णांनी तो बायकोच्या हातातून काढून घेतला आणि उभ्या उभ्या संपवला.

दोन वर्षांपूर्वी मंदाकिनीबाईंच्या हातात रिपोर्ट देताना डॉक्टर म्हणाले होते, "सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या." नलूताई तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि पर्समध्ये पित्ताची गोळी शोधत होत्या.