फुलीचा माल

डिझाइन ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या सुरतेत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो! पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये मी चौदा वर्षं चेकर आहे. रोज हजारो मीटर साडीचं कापड माझ्या डोळ्यांखालून जातं. फुलाची पाकळी जराशी सरकली, रंग कुठे फुटला, की मी खडूने भली मोठी फुली मारतो. फुली म्हणजे डागी माल. योगराज पाटलाने मारलेली फुली मालकाचा मुलगासुद्धा पुसत नाही!

म्हणूनच स्वयंपाकघराच्या टाइल्सचा विषय निघाला तेव्हा मी बायकोला, रंजनाला, छाती फुगवून सांगितलं, "तू फक्त बोट दाखव. बाकी सगळं माझ्यावर सोड!"

तिने सोडलं. तिथेच चुकलं.

लग्नानंतर अकरा वर्षं आम्ही नवागामला एका खोलीत काढली. स्टोव्हच्या काजळीने भिंत काळी व्हायची आणि रंजना दर दिवाळीला तिच्यावर नवं कॅलेंडर चिकटवायची. मग चार वर्षांपूर्वी बमरोलीला तिसऱ्या मजल्यावर हा फ्लॅट झाला, पण स्वयंपाकघराला हात लावायचे पैसे यंदा जमले. तिने दागिना मागितला नाही, टीव्ही मागितला नाही. म्हणाली, "माले फक्त ओटा पाहिजे, आन मागे पांढरी स्वच्छ भिंत."

दुकानातल्या पोराने आमच्यापुढे टाइल्सचा बाजार मांडला. द्राक्षं, केळी, किटली, वाफाळता कप!

"द्राक्षं घे," मी म्हणालो. "भारी दिसतील."

"मी भाकरी थापसू आन समोर द्राक्षं देखत बसू का?" रंजना म्हणाली.

तासाभराने तिने बोट दाखवलं. पांढरी टाइल, कोपऱ्यात दोन छोटी हिरवी पानं. तिला ती मेथीची वाटली. मला थेट विड्याची! ज्याची त्याची आवड. जेवणानंतर आणि ड्यूटी सुटल्यावर मला एक पान लागतं, एवढंच माझं व्यसन.

त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी मगनभाई यांनी मीटिंग बोलावली. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर आमचं शहर असं काही धुऊन निघालं होतं की बाहेरगावचे लोक रस्ते बघायला येत. पण आमच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, एक कोपरा कायम लालभडक! कोण थुंकतो ते कळेना.

"त्यां भगवाननी टाइल्स लगाडी दो," मगनभाई म्हणाले. "भगवान पर कोण थूंके?"

"कुठल्या भगवानाची?" कुणीतरी विचारलं.

"थूंकनारो कोण छे ए खबर नथी, तो बधा लई लो!" म्हणजे सगळ्याच धर्मांचे!

मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. थुंकणाऱ्याला चौकात उभं केलं पाहिजे, असं छोटंसं भाषणही ठोकलं. वर जाहीर केलं की, सोसायटीच्या टाइल्स मीच निवडून आणतो, माझ्या टाइल्सबरोबर एकाच टेम्पोत!

आणल्याही. खोकी सगळी सारखीच, मातकट रंगाची. घोटाळा नको म्हणून मी खिशातला खडू काढला आणि आमच्या आठ खोक्यांवर खूण केली. आता दिवसभर फुल्या मारणाऱ्या माणसाचा हात दुसरं काय काढणार? फुलीच मारली. ठसठशीत!

काम एका दिवसाचं होतं. रंजनाला मी आदल्या दिवशीच अमळनेरला पाठवलं, माझ्या मायला घेऊन ये म्हणून. संध्याकाळी दोघींना एकदमच दाखवायचं, असा बेत. टाइल्स बसवणारा लोटू आमच्याकडचाच, नवागामचा. सकाळी दोन माणसं घेऊन हजर झाला.

"लोटू, एक माल घरात लावायचा, एक जिन्यात," मी डबा उचलता उचलता म्हणालो. "फुलीची खोकी वेगळी, बिनफुलीची वेगळी. समजलं ना?"

"समजनं भाऊ, समजनं! नऊ वरीस मिलमां फोल्डिंग खातामां काढात मी."

किती हुशार माणूस, म्हणत मी मिलमध्ये गेलो.

संध्याकाळी उधना स्टेशनवरून मी रंजनाला आणि मायला घेऊन आलो. माझ्या डोक्यावर मायचं गाठोडं, काखेत पापडांचा डबा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर रंजना थबकली.

"अहो! हाई तर मनी पानं शेतस!"

"अगं, उरलेली एखादी लावली असेल त्याने. चल वर!"

एखादी कसली? गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अख्खा कोपरा होता. पण गाठोड्याखालून मला फक्त माझे पाय दिसत होते.

स्वयंपाकघराच्या दारात मी रंजनाला डोळे मिटायला लावले. हात धरून ओट्यासमोर उभं केलं.

"उघड!"

तिने उघडले. मीही गाठोडं खाली ठेवून वर पाहिलं.

समोर गणपती! शेजारी महादेव, साईबाबा, अंबाजी, मगरीवर बसलेली खोडियार, मारुती. खालच्या ओळीत गुरू नानक, मक्का-मदिना आणि येशू ख्रिस्त. पुन्हा गणपतीपासून सुरुवात! ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे आमच्याकडे बघत होते. नळाच्या बरोब्बर वर मारुती आला होता. नळ त्यानेच उचलून धरलाय असं वाटत होतं.

मी खिडकीतून लोटूला हाका मारल्या. तो खाली हातपाय धूत होता.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"कसं झाये भाऊ? झकास ना?" तो वर येऊन म्हणाला. "फुलीना माल तुमना घरमां कसा लावू मी? तो मी जिनामां लाई टाका. घरमां चांगला माल लावा!"

मिलमध्ये फुली म्हणजे डागी, हे मीच त्याच्यासारख्या शंभर जणांना शिकवलं होतं. पोराने आमच्यावरच्या प्रेमापोटी केलं होतं सगळं!

"काढ आत्ताच्या आत्ता! सिमेंट ओलं आहे तोवर!"

लोटूने छन्नीकडे पाहिलं, मग गणपतीकडे. छन्नी पिशवीत टाकली. "देववर छन्नी मी नही मारस भाऊ. मना घर पोरेसोरे शेतस."

तेवढ्यात मागून मायचा आवाज आला. तिने पदर डोक्यावर घेऊन हात जोडले होते. "देव सोता चालत घर उनात, आन तू त्यासले काढी फेकशी?"

झालं! विषय संपला. पुढच्या आठवड्यात मी आणखी तीन कारागीर आणले. एकाने दारातून नमस्कार केला आणि गेला. दुसऱ्याने अकरा रुपये ओट्यावर ठेवले! तिसऱ्याला मायने प्रसाद देऊन पाठवलं. मगनभाईंना म्हटलं, निदान जिन्यातल्या तरी काढून द्या. ते म्हणाले, "निकळशे तो तुटी जशे, योगराजभाई."

आणि मायचं राज्य सुरू झालं. आंघोळीशिवाय ओट्याजवळ जायचं नाही, म्हणजे सकाळचा चहा बंद. नैवेद्य आधी, आणि तो प्रत्येकाला वेगळा! अंडी बंद. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार साईबाबांचा, शुक्रवार अंबाजीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी तरी काळ्या मसाल्याचं मटण होईल म्हणून मी पिशवी घेऊन निघालो, तर मायने येशूकडे बोट दाखवलं.

"आज त्यासना वार शे."

राहिला बुधवार. नेमकं बुधवारी खाटकाचं दुकान बंद!

बातमी बिल्डिंगभर पसरली. शेजारपाजारच्या बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. आमच्या दारात चपलांचा ढीग, आत उदबत्तीचा धूर, आणि फोडणीचा थेंब देवांवर उडतो म्हणून एके दिवशी मायने शेगडीच बाहेर काढायला लावली. गॅलरीत!

रंजना गॅलरीत खाली बसून भाकरी भाजायला लागली. वारा आला की बर्नर विझायचा. चौथ्यांदा काडी ओढताना ती म्हणाली, "नवागामले खोली एकच व्हती, पन चूल घरमां व्हती."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. तिने आयुष्यात एकदा एका वस्तूवर बोट ठेवलं होतं आणि ती वस्तू मी जिन्यात लावून आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून रंजनाने एक नवीनच सुरू केलं. दुपारी गॅलरीतलं आवरलं की ती सूप आणि मेथीची जुडी घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जाऊन बसायची. आपल्या भिंतीला पाठ टेकून! ओल्या फडक्याने आधी एकेक टाइल पुसायची, मग भाजी निवडायची. दोन दिवसांत खालच्या मजल्यावरची गायत्रीबेन पापडीच्या शेंगा घेऊन आली. मग तिसरी, मग चौथी. जिन्यात हसण्याचे आवाज यायला लागले. मलाही जरा हलकं वाटलं.

पुढच्या मंगळवारी ड्यूटी सुटली आणि मी जिना चढत होतो. वळणावर बायका गोल करून उभ्या होत्या. मधोमध रंजना, हातात चिंचेचा गोळा. तळाच्या टाइलवर लाल पिचकारी! आदल्या रात्री अंधारात कुणीतरी मारलेली. हिरव्या पानांवरून ओघळ खाली आला होता आणि ती तो घासत होती. डोळे भरले होते तिचे.

"बघा ना," ती मला म्हणाली. "कोन ऱ्हाई हो हाऊ मेला?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी भाषण करणारा माणूस, काहीतरी कडक बोलेन अशी त्यांची अपेक्षा! पण मला तोंड उघडता येत नव्हतं.

तोंडात पान होतं.

होय, तो मेला मीच. चार वर्षं मीच! ड्यूटीवरून येताना काय, रात्री जेवून टपरीवरून येताना काय, त्या वळणापर्यंत पान बरोब्बर संपतं, त्याला मी काय करणार? देवांच्या टाइल्स माझ्याचसाठी मागवल्या होत्या. आणि खरं सांगतो, तिथे देव असते तर मी दोन पायऱ्या खाली सरकून थुंकलो असतो. पण ती रंजनाची पानं होती, तिथे दोन पायऱ्या सरकून भागणार नव्हतं.

मी गिळलं. चुना, कात, तंबाखू, सगळं! डोळ्यांपुढे सूर्य-चंद्र एकदम उगवले.

"घाम कसाले सुटना तुमले?" रंजनाने विचारलं.

"जिना... चढून," मी म्हणालो आणि वर पळालो. त्या दिवसापासून मी पान सोडलं.

तिला कळलं का? जेवणानंतर तिने माझ्या हातावर बडीशेप ठेवली. सकाळी खुंटीवरचा धुतलेला शर्ट स्वतः माझ्या अंगात चढवला, खांद्यावरून हात फिरवला. मी खूश!

मिलच्या गेटपाशी लोक हसायला लागले. फोल्डिंग खात्यातले तर पोट धरून! शेवटी एकाने मला आरशापुढे नेलं आणि मान वळवायला लावली. पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, खडूने मारलेली भली मोठी फुली होती. माझ्याच खिशातल्या खडूने!

मी ती पुसली नाही. संध्याकाळी तसाच जिना चढलो, रंजनाशेजारी पायरीवर बसलो आणि तिच्या सुपातली मेथी निवडायला घेतली. तिने न बघता अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. फुलीचा माल कुठे लावायचा, ते लोटूने ठरवूनच ठेवलंय ना!