याऊ वस्तादांचं राहिलेलं पाऊल

"उद्या दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होणार!" मोक वस्तादांनी गच्चीवरच्या टाकीवर मूठ आपटली. टाकी रिकामी होती, त्यामुळे आवाज असा घुमला की खालचा भाडेकरू खिडकीतून शिव्या देऊ लागला. "ज्याची माळ जिथून निघते तिथंच येऊन संपते, तोच याऊ वस्तादांचा खरा चेला! बाकीचे सगळे नाचे!"

पट्ठ्यांनी आरोळी ठोकली. त्यात तोंग मासेवाल्याची सगळ्यात मोठी, कारण रोज बाजारात ओरडून त्याचा गळा तयार होता. डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधलेले ते सगळे कपडे वाळवायच्या दोऱ्यांखाली ओळीनं उभे होते आणि याऊ वस्तादांचं सुतक असल्यामुळे आरोळी ठोकून झाल्यावर लगेच पडेल चेहरा करत होते.

माळ म्हणजे डावांची माळ. एकापुढे एक ओवलेले डाव; एक सुटला की पुढचे सगळे घरंगळतात. याऊ वस्तादांची 'बगळ्याची माळ' युन लाँगच्या पंचक्रोशीत दोनच ठिकाणी शिकवली जायची. एक बाजारातल्या इमारतीच्या ह्या गच्चीवर, मोककडे. दुसरी गावात, पूर्वजांच्या देवळाच्या अंगणात, क्वानकडे. क्वान हा मोठा गुरुबंधू. तो शिकला तेव्हा वस्ताद ऐन जवानीत होते; म्हणून क्वानचा बगळा उंच लाथ मारायचा आणि अंगणभर उडायचा. मोक शिकला तेव्हा वस्तादांचे गुडघे कुरकुरत होते. त्याचा बगळा श्वास धरून, जपून, पाण्यात पाऊल टाकावं तसा चालायचा. क्वान नव्या माणसाला वर्षभर नुसतं मांड्या वाकवून उभं करायचा. मोक आधी गाणं पाठ करून घ्यायचा, मग पाय हलवू द्यायचा:

*बगळा निघाला पाण्याला, पाणी ना हलावं,*
*जिथून निघालं पाऊल, तिथंच घरी यावं.*

दोघं एकमेकांना खोटं म्हणायचे. दोघांनाही मनातून भीती होती ती एकच. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, पण झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही, ही गोष्ट तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. वस्ताद म्हणून जन्माला आलेला प्रत्येक माणूस काहीतरी हातचं राखतो. प्रश्न इतकाच, की कुणापासून?

मोकला उत्तर माहीत होतं. ते त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्याची माळ घरी येत नव्हती. कितीही नेटानं खेळा, 'पंख झाडणे' झाल्यावर पुढं कुठंतरी एक पाऊल हरवायचं आणि शेवटच्या नमस्काराला तो आपल्या जागेपासून एक पाऊल अलीकडे उभा असायचा. मग तो नमस्कार करता करता, अंगरख्याच्या आड, खेकड्यासारखा हळूच सरकायचा. इतकी वर्षं सरकला, की सरकण्यातही एक सौंदर्य आलं होतं. एकदाच त्यानं वस्तादांना विचारलं होतं. वस्तादांनी उलट विचारलं, "तुझ्याकडे चहा ठेवायची पद्धत नाही का?"

आणि आता वस्ताद गेले. शेवटच्या दिवशी मोक खाटेच्या एका अंगाला, क्वान दुसऱ्या अंगाला. दोघांचे कान वस्तादांच्या ओठांशी. ओठ हलले. दोघं वाकले, डोक्याला डोकं आपटलं! वस्ताद म्हणाले, "खिडकी लावा रे, वारं येतंय." क्वान खिडकीकडे धावला, मोकही धावला, दोघांनी मिळून खिडकी लावली आणि मागं वळले तोवर संपलं होतं.

त्या दिवसापासून मोकच्या गळ्याखाली भात उतरत नव्हता. आपण वाघ होतो हे त्याला मान्य होतं. एवढंच कळायला हवं होतं, की आपण एकटेच होतो का.

म्हणून बेत. गुरुमायनं, म्हणजे वस्तादांच्या बायकोनं, निरोप धाडला होता, की दोन्ही तालमींनी थडग्यापाशी एकत्र माळ खेळायची. मोकनं तोंगला बाजूला घेतलं.

"क्वान जिथं उभा राहील ना, त्याच्या टाचेमागं हळूच एक उदबत्ती खोच. डोंगरावर जिथंतिथं उदबत्त्याच असतात, कुणाला संशय येणार नाही. माळ संपल्यावर बघायचं, तो उदबत्तीपाशी आला का नाही."

"पेटलेली खोचू का न पेटलेली?"

"अरे मयताला कधी न पेटलेली उदबत्ती बघितलीस का? पेटलेली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढताना मयताची पेटी पुढं, सनईवाले मागं, त्यामागं नैवेद्याचं सबंध भाजलेलं डुक्कर, आणि त्यामागं मयतासाठी जाळायचा कागदाचा बंगला घेऊन घामाघूम झालेला वस्तादांचा पुतण्या. रात्री पाऊस होऊन गेला होता. लाल माती गवताच्या चपलांना अशी चिकटत होती, जणू डोंगरच म्हणत होता, आलात तसे राहा. मोक मान खाली घालून चालला होता. याच उतारावर वस्तादांनी त्याला पहिल्यांदा उभं केलं होतं, खांद्यावर हात ठेवून. तो हात आता पुढच्या पेटीत होता. हुंदका दाबत मोक मनात म्हणत होता: आधी उदबत्ती. मग रडू.

डोंगराच्या कुशीत पायरीसारखी सपाट जागा. मधोमध खणलेला खड्डा. आणि खड्ड्याच्या कडेला, कंबरेवर हात ठेवून, क्वान.

"काय रे धाकट्या," क्वान हळू आवाजात म्हणाला, "तुझे पट्ठे अजून पाय उचलत नाहीत म्हणे? खालचा भाडेकरू ओरडतो वाटतं?"

"ओरडतो ना दादा. म्हणून तर अलगद पाऊल टाकायला शिकलो आम्ही. तुमच्याकडं काय, अंगण मोठं. म्हशीसुद्धा शिकून जातात."

"माझ्या म्हशी उडी मारतात. तुझे बगळे रांगतात!"

"भांडायचं असेल तर आधी मला खाली सोडा," गुरुमाय खड्ड्याकडं बोट करून म्हणाली. ती वाळून काडी झालेली म्हातारी, पण आवाज सनईच्या वर. "मग ह्यांना सोडा माझ्यावर. म्हणजे दोघांनाही ऐकू येणार नाही. कधी एका ताटात जेवलात का रे तालमी वेगळ्या झाल्यापासून? हे रोज विचारायचे, आज दोघं आले होते का. आज एकदा एकत्र खेळा. मग खुशाल डोकी फोडा."

दोघांनी माना खाली घातल्या. दिशा आणि मुहूर्त बघणारे बुवा होकायंत्र हातात धरून म्हणाले, "लवकर! वेळ टळली तर पेटी संध्याकाळपर्यंत उन्हात!"

दोन रांगा लागल्या. जागा इतकी चिंचोळी, की मोकच्या मागं खड्डा आणि क्वानच्या पुढं भाजलेलं डुक्कर. तोंग वाकला, उभा राहिला, मोककडं पाहून डोळा मारला. झालं! क्वानच्या टाचेमागं उदबत्ती होती. मोकनं मोठ्या समाधानानं हात जोडले.

सनई वाजली. माळ सुरू झाली.

सुरुवातीचे डाव सुरेख झाले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एकाच तळ्यावर दोन थवे उतरलेत. गुरुमायनं पदर डोळ्यांना लावला. मग आला 'पंख झाडणे'. क्वानकडं पंख उजवीकडं झाडतात, दोन्ही हात पसरून. मोककडं डावीकडं, तळवा तोंडापुढं धरून. दोन रांगा गर्रकन वळल्या आणि समोरासमोर आल्या! फाट्! क्वानचा पट्ठा पाक, जो बस चालवायचा, त्यानं पंख्यासारख्या हातानं तोंगच्या कानशिलात वाजवली. तोंगचा तळवा त्याच्याच नाकात गेला. मागच्यांनी पुढच्यांना धडका दिल्या. कागदाच्या बंगल्याला खिंडार पडलं. पण कुणी थांबलं नाही, कारण माळ अर्धी सोडली तर गेलेल्याचा रस्ता अर्धा राहतो, असं तिथं मानतात. नाकातून रक्त, डोळ्यांतून पाणी, आणि पाय आपले चालूच! सोयऱ्यांना वाटलं, हे असंच असतं. एका मावशीनं तर शेजारणीला सांगितलं, "जिवंतपणी असा एकजीव पाहिला नव्हता ह्यांचा."

शेवटचा नमस्कार आला. मोकनं उजवी मूठ डाव्या तळव्यात ठेवली, डोळे अर्धे मिटले. पाऊल अर्थातच कमी पडलं होतं. मग सुतकी अंगरख्याच्या घोळाआड तो नेहमीच्या सफाईनं सरकला. पुढचा पाय, मागचा पाय. अगदी घरी आला. अगदी, नेमका, केसभरही इकडंतिकडं नाही अशा ठिकाणी त्याची उघडी टाच टेकली.

आणि तिथं एक पेटती उदबत्ती होती.

"आयाऽऽई!"

क्वानही वस्तादांचाच चेला. त्यानंही पाकला तेच सांगितलं होतं, हे मोकच्या डोक्यात हवेत असताना आलं. तो उडाला तो मागं, आणि मागं होता खड्डा. लाल चिखलात तो असा बसला, जसा पीठ मळताना हातातून गोळा निसटतो. घोट्यातून कळ थेट मेंदूत गेली. वर पाहिलं तर चौकोनी आभाळ. आणि त्या आभाळात तोंग!

मोकच्या तालमीत एक नियम होता: वस्ताद करतील ते करायचं, का ते विचारायचं नाही. तोंगनं "आयाऽऽई!" अशी त्याच सुरात आरोळी ठोकली आणि उडी मारली. त्याच्यामागं दुसरा. मग तिसरा. सगळे, एकापुढे एक, नीट ओळ न मोडता, मागं उडी मारून, वस्तादांच्या वस्तादांच्या थडग्यात.

वर टाळ्या पडल्या.

"अहो, खड्डा एका माणसाचा आहे!" खणणारे ओरडले.

"वेळ!" बुवा कळवळले. "वेळ टळतेय!"

मोक ढिगाऱ्यातून कसाबसा वर सरकला. बोटं खड्ड्याच्या कडेवर, हनुवटी मातीला टेकलेली. आणि तिथून, जिथून आजवर कुणा जिवंत माणसानं पाहिलं नसेल, त्याला क्वानच्या अंगरख्याखालचं दिसलं.

क्वान अजून नमस्कारातच होता. चेहरा देवासारखा स्थिर. आणि खाली त्याचे पाय सरकत होते. पुढचा, मागचा. पुढचा, मागचा. खेकड्यासारखे. तोंगनं खोचलेली उदबत्ती ओल्या मातीत कधीच विझली होती. तिच्याशी टाच लागली तेव्हा ते पाय थांबले.

क्वाननं खाली पाहिलं.

"काय बघतोस?"

"पाय," मोक म्हणाला.

क्वाननं अंगरखा खाली ओढला. मग हळूच उकिडवा बसला, जणू खाली पडलेल्याची विचारपूस करतोय.

"तुझंही?"

"माझंही. 'पंखा'नंतर?"

"'पंखा'नंतर." क्वानच्या चेहऱ्यावरचा ताठा कुठल्या कुठं गेला. "मला वाटायचं, तुला दिलं असेल. तू शेवटचा होतास ना. शेंडेफळ."

"मला वाटायचं, तुम्हाला. थोरले म्हणून."

इतकी वर्षं मोकनं ह्या क्षणाची वाट पाहिली होती. आपण एकटे नव्हतो, हे कळलं की छाती हलकी होईल, असं त्याला वाटलं होतं. आणि आता उलटंच झालं. क्वानकडं ते पाऊल असतं, तर ते निदान जगात कुठंतरी होतं. देवळाच्या अंगणात, एखाद्या बस चालवणाऱ्याच्या पायात का होईना. आता ते कुणाकडंच नव्हतं. ते पलीकडं दोरखंडांवर ठेवलेल्या पेटीत होतं, आणि मुहूर्त टळायच्या आत तिला मातीखाली जायचं होतं. कदाचित पेटीतही नव्हतं. कदाचित याऊ वस्तादांच्या वस्तादांनीही त्यांना तेवढं दिलं नव्हतं, आणि तेही आयुष्यभर अंगरख्याआड... मोकला पुढं विचार करवेना. दाबून धरलेला हुंदका फुटला. तो खड्ड्याची कड धरून लहान पोरासारखा रडला.

"पाय मोडला वाटतं," सोयरे म्हणाले.

गुरुमाय वाकली. "रडू नको रे राजा. फार दुखतंय?"

"गुरुमाय," मोकनं नाक पुसलं, "वस्ताद एकटेच खेळायचे तेव्हा... शेवटी कुठं येऊन उभे राहायचे? तुम्ही पाहिलं असेल ना?"

"मी कशाला पाहू?" गुरुमाय म्हणाली. "मला चुलीपासून मान वळवायला सवड होती का?"

तिनं डोळे पुसले आणि ती डुकराकडं लक्ष द्यायला गेली.

क्वाननं हात खाली केला. मोकनं तो धरला. पण क्वान ओढेना.

"कुणाला सांगणार नाहीस?"

"तुम्ही?"

"मी कशाला सांगू?"

"मग ओढा, दादा!"

अशा तऱ्हेनं, इतक्या वर्षांनी, याऊ वस्तादांच्या दोन्ही तालमींचं एका गोष्टीवर एकमत झालं. गुरुमायनं दोघांना हातात हात घेतलेलं पाहिलं आणि पेटीकडं वळून म्हणाली, "पाहिलंत?"

पट्ठे वर आले, पेटी खाली गेली. माती पडू लागली. पहिल्या ढेकळाचा लाकडावर आवाज झाला, तेव्हा मोक आणि क्वान दोघांचेही पाय नकळत एक पाऊल पुढं सरकले, आणि तिथंच थबकले.

परतताना तोंग लंगडत, नाकात कापूस घालून, मोकच्या काखेत खांदा देऊन चालला होता. "वस्ताद," त्यानं भक्तिभावानं विचारलं, "ती शेवटची उडी... आम्हाला आजवर दाखवली नव्हती. तिचं नाव काय?"

मोकनं तोंड उघडलं. खरं सांगावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. त्यानं क्वानकडं पाहिलं. क्वान दूरच्या मासळीच्या तळ्यांकडं पाहत होता.

"'बगळा धन्यामागं जातो'," मोक म्हणाला.

"हो," क्वान घाईघाईनं म्हणाला. "फार जुनी. आमच्याकडंही आहे."

आता दोन्ही तालमींत माळ त्या उडीनंच संपते. उडी मारली की माणूस बरोबर घरी येतो. पाऊल कमी पडलं होतं का, हे कुणाला दिसतही नाही. फक्त क्वानकडं आधी उजवा पाय उचलतात आणि मोककडं डावा, आणि कुणाची उडी खरी यावरून युन लाँगच्या बाजारात परवाच पुन्हा दोन डोकी फुटली.