हैबतराव महाराजांच्या समुद्रमुक्कामाची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवोन, दर्यास साक्ष राखोन, घडले ते घडले तैसे लिहितो. उणे-अधिक जाहले असेल ते वाचणारांनी पोटात घालावे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध त्रयोदशीचे दिवशी घाटावरील राज्याचे धनी हैबतराव महाराज यांची स्वारी राणीसाहेब चिमाबाई व चिरंजीव बाळराजे यांसहवर्तमान समुद्रतीरी हवा खावयास उतरली.

त्याचे कारण ऐसे. बाळराजे जन्मले तेव्हां महाराज उत्तरेस मोहिमेवर होते. पुत्र जाहल्याचे वर्तमान छावणीत पावले आणि महाराजांनी हत्तीवरून साखर वाटिली, आणि मग जासूद आला की राज्याचे कागद बाजूस सारोन आधी पुसावे, "बाळ काय करितो?" आणि जासुदाने सांगावे की पालथा पडतो, बसतो, दोन दात आले. वीस महिने ऐसे बाळ कागदावर वाढले. मग मोहीम आटोपोन महाराज राजधानीस आले, दारी ओवाळणी जाहली, आणि राणीसाहेबांनी चिरंजीवांस पुढे केले, तो त्या कल्लेदार मिशा व तो शिरपेच पाहोन चिरंजीवांनी टाहो फोडिला आणि आईच्या पदरात तोंड घातले ते काढीनात. महाराजांचे नाव ऐकोन किल्लेदार दरवाजे लावोन घेत, त्याचे त्यांस कधी वैषम्य वाटले नाही. परंतु हे दार लागलेले पाहोन जीव कासावीस जाहला. त्यात दक्षिणेच्या मोहिमेचा मुहूर्त कार्तिक वद्य अष्टमीस धरिला होता. मध्ये थोडके दिवस. तितक्यात पोराने आपणांस एकदा आबा म्हणावे, येवढी एकच वासना धरोन महाराजांनी समुद्रावर जाण्याचा हुकूम केला.

कारभाऱ्यांनी थाटात काही कसर ठेविली नाही. वाळूवर नवी हवेली सजविली, सुरतेच्या रेशमाचे पडदे सोडिले, बिलोरी हंड्या टांगिल्या, चिनी मातीच्या तबकांत बसऱ्याचे खजूर मांडिले, आणि बाळराजांस रुप्याचा पाळणा व हस्तिदंती घोडा आणविला. बाळराजांनी हे सर्व एकवार पाहिले आणि स्वयंपाकघरामागे जाऊन नारळाची करवंटी उचलोन आणिली. मग तीत वाळू भरावी आणि ओतावी, आणि पुन्हा भरावी, आणि कोणी पाहत नाहीसे पाहोन मूठभर तोंडात घालावी, ऐसा त्यांचा दिनक्रम ठरला. पाळण्यात त्यांनी एक खेकडा नेऊन निजविला.

महाराजांनी पहिले दिवशी शिरपेच उतरविला. दुसरे दिवशी न्हाव्यास बोलावोन कल्ले उतरविले व मिशा ओठापुरत्या ठेविल्या, तेव्हां शिलेदारांनी माना खाली घातल्या. तिसरे दिवशी महाराज स्वतः वाळूत बसले आणि दुसरी करवंटी घेऊन भरू लागले. बाळराजे रडले नाहीत, परंतु हातभर अंतर राखोन बसले, आणि महाराज तसूभर सरकले की तेही तसूभर सरकत.

राणीसाहेब म्हणाल्या, "आपण त्याच्या मागे लागू नये. तो येईल तेव्हां येईल."

महाराज म्हणाले, "त्यास सवड आहे. मजला नाही."

चौथे दिवशी सकाळी ओहोटी होती. बाळराजे करवंटी टाकोन एकाएकी पाण्याकडे धावले, दाई मागे राहिली, आणि महाराजांनी धावत जाऊन त्यांस काखेत धरोन वर उचलिले, तो लाट येऊन दोघांचे पायांवर फुटली. आता रडे येणार म्हणोन महाराजांनी श्वास रोखिला. परंतु बाळराजे हसले. खळखळोन हसले, आणि पाय झाडून पुन्हा खाली सोडा ऐसे सुचवू लागले. त्यांनी आपल्या छातीवर बोट ठेवोन म्हटले, "आबा." दुसरी लाट आली आणि महाराज पुन्हा म्हणाले, "आबा." आणि तिसरी लाट फुटली तेव्हां बाळराजांनी टाळ्या पिटोन स्वच्छ म्हटले, "आबा."

मग काय पुसावे. हवेलीवर नौबत झडली, आसपासच्या गावांत पेढे वाटिले, आणि महाराज भिजल्या वस्त्रांनिशी जो भेटेल त्यास सांगत सुटले. राणीसाहेब मात्र बाळराजांस घेऊन पाण्याकाठीच राहिल्या.

दुसरे दिवशी महाराज स्नान करोन सज्ज्यावर आले. बाळराजे आईच्या कडेवर होते, पाठ महाराजांकडे, तोंड समुद्राकडे. दोन्ही हात पसरोन ते पाण्यास म्हणत होते, "आबा. आबा."

महाराज तेथेच उभे राहिले. मग हळूच पुसिले, "हे केव्हांपासोन?"

राणीसाहेब म्हणाल्या, "कालपासोन. आपला आनंद पाहिला आणि सांगावयास जीभ उचलली नाही."

जवळ त्रिंबकपंत पारसनीस उभे होते, ते फारशीचे जाणते. पडते सावरावे म्हणोन ते बोलिले, "महाराज, फारशीत आब म्हणजे पाणी. चिरंजीव काही अशुद्ध बोलिले नाहीत." महाराज त्यावर हसले, परंतु आत जाऊन दोन घटका कोणास भेटले नाहीत. राग आला नव्हता. दर्याचा हेवा वाटला होता. तो उद्याही येथेच असणार, परवाही असणार, आणि त्यास कोठे कूच करावयाचे नाही.

मग महाराज उठले ते थेट कोळीवाड्यात गेले. तेथे धाकलू नाखवा म्हणोन म्हातारा जाळे विणीत होता. त्यास म्हणाले, "नाखवा, आम्ही घाटावरचे. आम्हांस पोहता येत नाही. तुमच्या समुद्रात उभे राहावयाचे शिकवा."

नाखवा म्हणाला, "त्याला काय शिकायचं, म्हाराज? पाय वाळूत रोवायचं आन् लाटंशी भांडायचं नाय. ती येल, ती जाईल."

त्या दिवसापासोन महाराज रोज सकाळी कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहू लागले. खारे पाणी नाकातोंडात गेले, एकदा लाटेने आडवे केले आणि शिलेदार धावले, त्यांस हाताने परतविले. तीरावर आईपाशी बाळराजे समुद्रास हाक मारीत, "आबा", आणि समुद्रातोन महाराज म्हणत, "ओ." समुद्र ओ देत नाही, म्हणोन ती आपण द्यावी ऐसा त्यांनी विचार केला. प्रथम बाळराजे चपापले. मग हाक मारोन ओ ऐकावयास थांबू लागले. मुक्कामाचे नववे दिवशी त्यांनी आपण होऊन हात वर केले आणि महाराजांनी त्यांस खांद्यावर घेतले. ओले जावळ कानास लागत होते, दुधाचा व खाऱ्या पाण्याचा वास एकत्र येत होता, आणि महाराजांस पोर खांद्यावर असताच त्याची आठवण येऊ लागली. छावणीत हा भार आठवेल की विसरेल, म्हणोन ते फार वेळ हालले नाहीत.

वद्य अष्टमीस कूच जाहले. सारे लोक वाळूवर उभे होते. महाराज घोड्यावर बसले, पाठीशी समुद्र, समोर राणीसाहेब व त्यांचे कडेवर बाळराजे. महाराज म्हणाले, "येतो." राणीसाहेब म्हणाल्या, "प्रकृतीस जपावे." इतक्यात बाळराजांनी दोन्ही हात पसरिले आणि हाक मारिली, "आबा."

महाराज म्हणाले, "ओ."

राणीसाहेबांनी एकवार महाराजांकडे पाहिले आणि एकवार त्यांचे खांद्यावरून पलीकडे समुद्राकडे पाहिले. महाराजांनी काही पुसिले नाही. घोडा त्या दोघांचे शेजारून घाटाचे वाटेस लागला, आणि आता समुद्रही मागे आणि बाळराजेही मागे, तो पुन्हा हाक आली. पोराचे तोंड कोणीकडे आहे, हे मान वळविली असती तर कळले असते. महाराजांनी मान वळविली नाही. मोठ्याने ओ दिली आणि घोडा तसाच पुढे काढिला.

दक्षिणेची मोहीम दीड वर्ष चालली, प्रांत काबीज जाहला, त्याचा तपशील अन्यत्र आहे. छावणीतोन महाराजांनी राणीसाहेबांस जी पत्रे धाडिली, त्यांपैकी तिहींत शेवटी एक ओळ लिहोन खोडिलेली आहे. खोडण्याखाली "त्या दिवशी त्याचे तोंड कोणीकडे" इतकीच अक्षरे लागतात. येणेप्रमाणे समुद्राचा मुक्काम जाहला.