सिस्टरबाईंचा लाभांशाचा तक्ता

आमच्या गल्लीत कुणी शेअर घ्यायचा म्हटलं, की सिस्टरबाई आधी विचारतात, "तक्ता बघितला का?"

सिस्टरबाई आमच्या शेजारीण. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर पेशंट सुटले, सवय सुटली नाही. खाटेला तापाचा तक्ता अडकवलेला असतो ना, तसा त्यांनी प्रत्येक कंपनीचा तक्ता ठेवलाय. कोणत्या वर्षी शेअरमागे किती लाभांश दिला, ते निळ्या शाईत. दिलाच नाही, तर लाल शाईत शून्य. सलग दहा वर्षं निळं असलं की बाई खूश. "लई गुणाचं लेकरू हाय," म्हणतात. आणि एखाद्या कंपनीने अचानक दुप्पट दिला, तर चष्मा पुसून बघतात. "कावून एवढ्या उड्या मारायलंय हे?"

माणसांनाही हेच माप. माझ्या मेहुणीसाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाबद्दल एकच चौकशी केली: "बहिणीकडं दर भाऊबीजेला जातो का? एकदाच जाऊन सोन्याची अंगठी घालणारा नको."

त्या दुष्काळाच्या साली गल्लीत आठवड्याला एक टँकर यायचा. मी शाळेत मास्तर. मुलीच्या शिक्षणासाठी शिक्षकांच्या पतसंस्थेत ठेव ठेवलेली, व्याज आठ टक्के. एका सहकाऱ्याने मला साखरेच्या एका कंपनीचा शेअर दाखवला. भावाच्या मानाने लाभांश वीस टक्के! मी ठेव मोडायचं ठरवलं आणि टँकरच्या रांगेत सिस्टरबाईंना ऐटीत सांगितलं.

"वीस टक्के कशावर, सर?"

"गेल्या वर्षी शेअरमागे दहा रुपये दिले. आजचा भाव पन्नास."

"आन् गेल्या साली भाव किती व्हता?"

"शंभर."

बाईंनी घागर खाली ठेवली. "म्हंजे लाभांश वाढला न्हाई, भाव पडलाय. अंग वाळलं म्हणून लेकराचं डोकं मोठं दिसायलंय! आन् दहा रुपये गेल्या सालचे. औंदा देणार, असं कुणी सांगितलं?"

मी माझी घागर उगाच पुढे सरकवली.

"भाव कावून पडला, ते इचारलं का?"

तेही विचारलं नव्हतं. त्यांनी घागर रांगेतच सोडली आणि मला हाताला धरून कोपऱ्यावर नेलं. तिथे ऊसतोडीहून परतलेला एक ट्रक उभा होता. भांडीकुंडी, शेळ्या आणि माणसं एकावर एक बसलेली. संक्रांतही झाली नव्हती.

"एवढ्या लौकर कसे परत आले गं?" बाईंनी एका बाईला विचारलं.

"ऊसच न्हाई, सिस्टर. कारखाना बंद केला त्यांनी."

"कोणता?"

तिने नाव सांगितलं. माझ्याच कंपनीचा कारखाना. सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिच्या कडेवरच्या पोरीच्या कपाळाला हात लावून बघत होत्या.

ठेव मोडली नाही. उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केलं, यंदा लाभांश नाही. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो. त्या तक्ते पसरून बसल्या होत्या. माझ्या कंपनीसमोर त्यांनी लाल शून्य घातलं, पेढा खाल्ला आणि खालून एक पिवळा पडलेला कागद ओढला. त्यावर वर दोनच निळ्या ओळी, मग शून्यच शून्य. खाली कागद पुरला नाही म्हणून दुसरा चिकटवलेला.

"ही कोणती कंपनी?"

"कापडाची गिरणी व्हती. आमच्या ह्यांनी घेतले शेअर. लग्नाच्या दुसऱ्या साली, माझ्या नावानं. मग गिरणीच बंद पडली."

"मग दरवर्षी कशाला लिहिता? आता काही येणार नाही."

बाईंनी लाल पेन पुन्हा उघडलं.

"सर, वार्डात माणूस गेलं, की नातेवाईक गावाकडनं येईस्तोवर लई येळ लागायचा. एकटं कसं टाकायचं त्याला? माझी ड्युटी संपली तरी मी बसून ऱ्हायची."

मग त्यांनी साल लिहिलं, शून्य काढलं आणि कागदावर हळूच फुंकर घातली.

मला घरी जायची घाई होती. पण शाई वाळेपर्यंत मी बसलो.